हात पुढे, आवाज मागे

झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदियाच्या या धानाच्या मुलखात मंडई असो की शंकरपट, रात्रभराच्या नाटकाशिवाय गावाचे समाधान होत नाही. या नाटकांच्या साथीला ऑर्गन, तबला आणि ढोलकी यांच्या शेजारी ऑक्टोपॅड (आठ पॅडांवर आघात करून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) येऊन बसला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. रोलंड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या या वाद्याची गावातल्या मुलांना चांगली ओळख आहे. पण ते विकत घेणे छोट्या मंडळांना झेपत नाही आणि कार्यक्रमापुरते भाड्याने आणलेले वाद्य कोणी उघडून पाहू देत नाही. म्हणूनच मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकावर, संगीत तयार करण्याच्या ज्या कार्यशाळा मी विदर्भातल्या गावांमध्ये घेते, त्यांत घरी बनवलेल्या तालपॅडला सर्वांत जास्त मागणी असते.

ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, तो ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातला, धानाची मळणी आटोपल्यानंतरचा. समाजमंदिरात हायस्कूलची मुले-मुली जमली होती, आयटीआयला जाणारे दोन तरुण होते आणि भजन मंडळाची काही मंडळीही कुतूहलाने येऊन बसली होती. त्यांच्यात एक वयोवृद्ध ढोलकीवादक होते. खडी गंमत आणि दंडार या लोककलांना साथ करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, आणि सगळे गाव त्यांना काकाजी म्हणते. आमच्या पॅडमधून निघणारे आवाज त्यांच्याच ढोलकीचे असावेत असे मुलांनी ठरवले होते, त्यामुळे सकाळचा पहिला तास आम्ही त्यांचे बोल एकेक करून ध्वनिमुद्रित करण्यात घालवला. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोराचा असा त्यांनी वेगवेगळा वाजवून दिला. या तीन पायऱ्या मी सुचवलेल्या नव्हत्या. एकच बोल एकाच जोराने घेऊन भागणार नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले.

मग मी मुलांना थोडी पार्श्वभूमी सांगितली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने मूग सिंथेसायझर (विजेच्या साहाय्याने आवाज घडवणारे वाद्य) बसवला गेला आणि आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला, ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगते. कारण हे सगळे काल-परवा मोबाइलवरून आले, असे मुलांना वाटत असते. त्यानंतर मिडीची ओळख करून दिली. १९८३ मध्ये ठरलेल्या या पद्धतीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणता स्वर वाजला आणि किती जोराने वाजला, एवढेच ० ते १२७ या आकड्यांमध्ये कळवले जाते. काकाजी लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे चिठ्ठी जाते म्हणा ना. गाणारा तिकडे बसला आहे.” मिडी समजावून सांगण्याचे इतके नेमके वाक्य मला आजवर सापडले नव्हते.

पॅडची रचना साधी आहे. बझरमध्ये असते तशी पिझोची पितळी चकती प्लायवुडच्या तुकड्याखाली चिकटवायची आणि वरून सायकलच्या ट्यूबचे रबर ताणून बसवायचे. चकतीवर धक्का बसला की तिच्यात क्षणभर विजेचा दाब तयार होतो. तो फार वाढू नये आणि लवकर ओसरावा म्हणून दोन टोकांमध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर लावायचा आणि तारा मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ॲनालॉग पिनला, म्हणजे कमी-जास्त दाब मोजणाऱ्या पिनला, जोडायच्या. आम्ही आर्डुइनो लिओनार्डो नावाचा बोर्ड वापरतो, कारण त्यावरची मायक्रोकंट्रोलर चिप यूएसबीची भाषा स्वतःच बोलते आणि संगणकाला थेट मिडीचे वाद्य म्हणून दिसते. शिवाय त्याला बारा ॲनालॉग पिना आहेत, म्हणजे एका बोर्डावर आठ पॅड आरामात बसतात. दुपारच्या जेवणापर्यंत मुलांनी डाग देऊन चार पॅड उभे केले, सकाळचे बोल लॅपटॉपमधल्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, भरले आणि पॅडवर थाप पडताच समाजमंदिरात ढोलकी वाजू लागली. पोट्ट्यांचा आनंद काय वर्णावा! बराच वेळ कोणी कोणाला पॅड सोडायला तयार नव्हते.

सर्वांनी आग्रह केल्यावर काकाजी पुढे येऊन बसले. त्यांनी केरव्याचे एक आवर्तन धरले, दुसऱ्यात जरा लय वाढवली आणि हात थांबवला. “मॅडम, हात पुढे आहे, आवाज मागून येते,” ते म्हणाले.

मुलांना यातले काहीच जाणवले नव्हते, कारण ती एकेक थाप मारून ऐकत होती. ठेका धरणाऱ्याला मात्र पुढची थाप कुठे पडायची हे मागच्या थापेच्या आवाजावरून ठरवावे लागते. समाजमंदिरात होता तो स्पीकर ब्लूटूथचा होता. ब्लूटूथवरून जाणारा आवाज आधी आकुंचित केला जातो, मग पाठवला जातो, तिकडे साठवला जातो आणि मग उलगडला जातो. या खटाटोपात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मात्रेचा उशीर झाला. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, हे मुलांना शाळेत शिकवलेले असते. त्या हिशोबाने दोनशे मिलिसेकंद म्हणजे जवळपास सत्तर मीटर दूर वाजणारी ढोलकी. आम्ही भजन मंडळाचा ॲम्प्लिफायर मागवला, लॅपटॉप तारेने जोडला आणि सॅम्पलरचा बफर, म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, २५६ नमुन्यांवर (आवाजाच्या एकेक मोजमापांवर) आणला. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने त्याला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. काकाजींनी पुन्हा आवर्तन धरले, मान डोलावली आणि थांबले नाहीत.

पण समाधानही झाले नव्हते. बोटांच्या टोकांनी भरायचे हलके बोल गायब होत होते आणि वाजत होते ते सगळे एकाच वजनाचे वाटत होते. आर्डुइनोसोबत ‘नॉक’ नावाचा जो नमुना कोड मिळतो, तिथूनच बहुतेक जण सुरुवात करतात. आमचीही तीच सुरुवात असते. बोर्ड चकतीवरचा दाब ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो आणि त्या नमुन्यात १०० च्या खालचे सगळे आकडे सोडून दिले जातात. दार ठोठावल्याचे ओळखायला तेवढे पुरे आहे. काकाजींचे बोट मात्र कधी चाळीसवर बोलत होते, कधी साठवर. पॅडला हात न लावता येणारे आकडे पाहून आम्ही ही मर्यादा २५ वर आणली. वजनाचा प्रश्न वेगळा होता. मर्यादा ओलांडताच येणारा पहिला आकडा हा थापेचा जोर नसतो. दाब त्यानंतरही चढत असतो. म्हणून मर्यादा ओलांडल्यावर तीन मिलिसेकंद वाट पाहायची, तेवढ्या वेळात जमेल तितक्या वेळा मोजायचे आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा जोर म्हणून पाठवायचा. एका मोजणीला सुमारे शंभर मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे तेवढ्यातही पंचवीसेक मोजण्या होऊन जातात. आयटीआयच्या एका तरुणाने हा बदल जागेवरच लिहिला.

यानंतर जे झाले, ते मला त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. काकाजींनी जलद लग्गी, म्हणजे ठेक्यातले वेगवान बोलकाम, सुरू केली आणि पॅडने निम्मे बोल गिळले. नमुना कोडमध्ये प्रत्येक थापेनंतर शंभर मिलिसेकंद थांबण्याची सूचना असते. जलद लग्गीत सेकंदाला बारा बोल पडले तर दोन बोलांमध्ये ८३ मिलिसेकंदच उरतात. साहजिकच एक बोल लागत होता आणि एक जात होता. थांबण्याचा वेळ तीसवर आणला, तर उलटे झाले. थाप एक आणि आवाज दोन, कारण प्लायवुडची थरथर तीस मिलिसेकंदांत शमत नव्हती. शिवाय मर्यादा खाली आणल्यामुळे शेजारचा पॅडही आपणहून बोलू लागला होता. मुले कोडमधले आकडे वर-खाली करत राहिली. काकाजींनी प्लायवुडवर नुसता तळहात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारायला सांगितले. दुहेरी आवाज बंद झाला. “लाकूड घुमते बाप्पा, त्याले धरा,” ते म्हणाले. कोणीतरी जुन्या चपलांचे तळ आणले. त्यांचे तुकडे कापून प्रत्येक पॅडखाली वेगवेगळे बसवले, चारही पॅड एकमेकांपासून सुटे केले, आणि तीस मिलिसेकंदांवर लग्गी अखंड वाजू लागली. नववीतल्या एका मुलीने त्यात स्वतःची भर घातली: जोराची थाप पडल्यावर मर्यादा तात्पुरती वर न्यायची आणि हळूहळू खाली उतरू द्यायची, म्हणजे उरलीसुरली थरथरही मोजली जाणार नाही.

मर्यादा किती ठेवायची, किती वेळ थांबायचे, किती वेळ मोजायचे हे आकडे कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाहीत, कारण ते वाजवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतात. अशा कार्यशाळा फक्त शाळकरी मुलांसाठी घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला म्हणूनच अपुरी वाटते. मुलांचा हात की-बोर्डवर बसतो, त्यांना कोड लवकर कळतो, पण उशीर ऐकू यायला आयुष्यभर ठेका धरलेला कान लागतो. गावात असे कान अजून आहेत आणि त्यांना मुलांच्या शेजारी मानाने बसवणे आपल्या हातात आहे.

संध्याकाळकडे काकाजींनी डाव्या पॅडवर तळहात घासून पाहिला. ढोलकीच्या डाव्या पुडीवर थाप पडल्यावर तळहाताच्या दाबाने स्वर वर चढवायचा, तो घिस्सा त्यांना हवा होता. पिझोला हे कळणारच नाही. धक्का बसून गेला की त्याचे काम संपते, त्यानंतर तळहात किती दाबला आहे हे तो सांगू शकत नाही. माझ्या पेटीत दाबानुसार रोध बदलणारा एक सेन्सर होता. तो डाव्या पॅडच्या रबराखाली सरकवला, दहा किलोओहमच्या रेझिस्टरसोबत जोडला आणि त्याचे आकडे मिडीच्या पिच बेंडला, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाला, दिले. पिच बेंड ० ते १६,३८३ असा बारीक चालतो, मध्य ८,१९२ वर असतो आणि सहसा दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वर जातो. काकाजींनी दाबले, स्वर चढला, पण त्याबरोबर उजव्या पॅडचा बोलही वर सरकला आणि ते दचकून थांबले. मिडीत पिच बेंड एका स्वराला लागत नाही, सबंध चॅनेलला, म्हणजे त्या मार्गावरच्या सगळ्या स्वरांना, लागतो. चॅनेल सोळा असतात, म्हणून डावा पॅड वेगळ्या चॅनेलवर नेला. दोन अर्धस्वर त्यांना फारच थोडे वाटले. सॅम्पलरमध्ये तो पल्ला पाचपर्यंत वाढवल्यावर त्यांनी होकार दिला. एक अडचण मात्र राहिली. हा सेन्सर हलक्या दाबाला झटकन बदलतो आणि जोराच्या दाबाला फारसा हलत नाही, त्यामुळे स्वर सुरुवातीलाच उडी मारतो. तो सरळ करायचा तर काकाजींच्या वेगवेगळ्या दाबांचे आकडे घेऊन तक्ता करावा लागेल, आणि ते काम त्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे. बोर्ड, पॅड आणि सेन्सर मी गावातच ठेवून आले.

पुढची कार्यशाळा भजन मंडळाच्या मागणीवरून खंजिरीवर ठरली आहे. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात खंजिरीला जे स्थान आहे, ते पाहता ही मागणी आज ना उद्या येणारच होती. खंजिरीच्या झांजा थाप नसतानाही वाजत राहतात, त्यामुळे पिझो सतत बोलत राहील. शिवाय वाजवणारा चामड्यावर बोट दाबून आवाज बदलतो, म्हणजे घिस्स्याचा प्रश्न तिथेही आहेच. पिझो कड्याला न लावता चामड्याच्या आतल्या बाजूने मध्यापासून किती अंतरावर लावावा, हे काकाजींच्या ओळखीचे खंजिरीवाले वाजवून दाखवणार आहेत.