कुठं जायचं ते सांगा की

डिस्चार्ज कार्डावर मी नेहमीचं वाक्य लिहीत होते : 'समुपदेशन केले. ए.ए. मीटिंगला जाण्याचा सल्ला दिला.' कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समाजसेवा अधीक्षक आहे. नऊ वर्षं हे वाक्य लिहितेय. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना. पेशंटची बायको टेबलापलीकडून वाचत होती. म्हणाली, "मॅडम, मागच्या टायमालाबी असंच लिवून दिल्तं. कुठं जायचं ते सांगा की."

मला सांगता येईना.

तिचा नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत मोल्डिंगला. वय ४१. थोरल्या मुलीनं शपथ घातली म्हणून गड्यानं एका दिवसात दारू तोडली आणि दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. हे घरोघरी माहीत असायला हवं : रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होतो. तिसऱ्या रात्री हा कॉटखाली साप बघत होता. शामक औषधं हळूहळू उतरवत नेली, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, तेव्हा सहाव्या दिवशी त्याच्या हातातला चहा सांडायचा थांबला. आणि आता आम्ही त्याला घरी सोडत होतो. गुत्ता घराच्या वाटेवरच.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं मी सुचवलं होतं. १९८६ पासून तिथं चाललेलं काम मला फार मोठं वाटतं. पण तिनं बोटांवर बुडणारा पगार मोजला, दोन्ही पोरांची फी मोजली आणि मान हलवली.

मी ड्रॉवरमधून मीटिंगच्या पत्त्यांची यादी काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, कुणी कधी ठेवलेली कोण जाणे. पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा एका बाईंनी उचलला आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवला. तिसरा पत्ता एका शाळेचा, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. स्वतः चालत गेले. वॉचमन म्हणाला, "ती दारू सोडणारी मंडळी? ती कवाच गेली हितनं." कुठं गेली, ते त्याला ठाऊक नव्हतं. परत येताना मला रडू येत होतं. या नऊ वर्षांत मी किती जणांना या बंद दारावर पाठवलं असेल?

शेवटी मुंबईच्या ए.ए. कार्यालयात फोन लावला. त्यांनी कोल्हापुरातल्या एका सभासदाचा नंबर दिला. त्या सभासदाला फोन करून मी माझं पद, पेशंटची हिस्टरी, सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच विचारलं, "माणूस आहे का जवळ? द्या त्याच्याकडं."

काय बोलले, मला ऐकू आलं नाही. पेशंट आधी गप्प होता. मग म्हणाला, "सहा दिवस झालं." मग बराच वेळ नुसतं "व्हय... व्हय." आणि एकदम, "तुमालाबी साप दिसलं हुतं?"

सहा दिवसांत मी त्याच्याशी चार वेळा बोलले होते. तो एकदाही माझ्याकडे बघत बोलला नव्हता.

मीटिंग त्याच संध्याकाळी सातला होती. ड्यूटी संपवून मी दोघांबरोबर रिक्षात बसले. एका देवळामागची खोली. बाहेर पाटी नाही, सांगितलं नसतं तर मी समोरून गेले असते. फोनवरचे काका गेटवरच उभे होते, साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. आडनाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पेशंटच्या खांद्यावर हात टाकून आत नेताना त्यांनी मला थांबवलं. "ताई, आजची मीटिंग बंद आहे. फक्त पिणाऱ्यांची. खुल्या मीटिंगला तुम्ही दोघी या."

दार लागलं. मी आणि वहिनी पायरीवर बसलो. खरं सांगायचं तर क्षणभर मला लागलं. पण आत डॉक्टर नको, समाजसेविका नको, बायकोसुद्धा नको, यातच त्या खोलीचं बळ आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन नावाच्या माणसाला हॉटेलात पिण्याची तल्लफ आली. बारमध्ये जाण्याऐवजी त्यानं चर्चच्या यादीवरून फोन लावत सुटून दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. ए.ए. तिथून सुरू झालं. फी नाही, अर्ज नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. वहिनींना मी पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल्-अॅनॉनचं सांगितलं. "माझ्यासाठीबी हाय?" त्यांनी दोनदा विचारलं.

आतून अधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. वहिनी दर वेळी दचकून दाराकडे बघायच्या.

साडेआठला दार उघडलं. त्याचे डोळे लाल होते. हातात चिठ्ठी, तिच्यावर तीन फोन नंबर. बायकोच्या हातात देण्याआधी त्यानं ती पुन्हा एकदा वाचली, आणि मग मला विचारलं, "मॅडम, गुरुवारी परत हाय म्हणत्यात. माझी सेकंड शिफ्ट असती. बदलून मिळायला तुमचं पत्र चालंल का?"

पत्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. कारण काय लिहू, म्हणून त्यालाच विचारलं. "औषधोपचार लिवा," तो म्हणाला.