कॉन्ट्राची डायरी

आज दिवसभर झड लागून होती, वावरात जाता आलं नाही, म्हणून मोबाईलमधल्या गेमच्या डायरीवाल्या ॲपमधी बसलो. प्रत्येक गेमखाली तारीख, फोटो अन् मनातलं लिहाची जागा हाय. पयलं नाव टाकलं कॉन्ट्रा, १९८८ ची निन्टेन्डोवाली, अन् मंग लिहितच गेलो, बाबानं कापूस विकून दिग्रसच्या बाजारातून आणलेली पिवळी कॅसेट, लागली नाही का फुंकर मारून परत बसवाची, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए दाबलं का ३० जीव, अन् नेमकी शेवटी लाईन जायची. ‘कोणासोबत खेळले’ असा रकाना मात्र नाही त्याच्यात, तो पाहिजेच होता बापा. मी नोटमधीच लिहिलं, दादासोबत. त्याले स्क्रीनशॉट पाठवला तर पुण्याहून लगेच फोन, "तुले अजून तो कोड पाठ हाय?"