आमची वाटचाल : रेडियम कटिंगपासून इको सॉल्व्हंटपर्यंत

आमचं दुकान कोल्हापुरात, काम गाड्यांचं आणि बोर्डांचं. वडील ब्रशनं रंगवायचे, ट्रकच्या मागचं नाव, शाळेचा बोर्ड, दुकानाची पाटी, सगळं हातानं. मग प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून अक्षरं कापणारं मशीन, घेतला आणि लोक आम्हाला रेडियमवाले म्हणायला लागले. रंगीत व्हिनाईल, म्हणजे मागं गोंद असलेली प्लास्टिकची फिल्म, कापायचं, नको तो भाग सुईनं काढायचा, वरून ट्रान्सफर टेप लावून चढवायचं. देवनागरीत हे काम फार नाजूक, कारण अनुस्वार आणि रफार एवढे बारीक असतात की शेजारचं उचलताना तेपण सोबत येतात.

पुढं गिऱ्हाईक फोटो मागायला लागलं, शेड मागायला लागलं, मग प्रिंटिंग मशीन घेणं भागच होतं. कुठलं घ्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. फ्लेक्सवाले वापरतात ते सॉल्व्हंट मशीन, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकातली इंक वापरणारं, फास्ट, इंक स्वस्त, उन्हात टिकतंही चांगलं, पण वास एवढा उग्र की वर घर आणि खाली दुकान असलेल्या जागेत ते नकोच. यूव्ही मशीनचा डेमो बघितला, यात इंक अतिनील किरणांनी वाळते, दिव्याखालून प्रिंट बाहेर येतं ते वाळूनच, ॲक्रेलिकवर तर बघत राहावं असं दिसतं. पण ती इंक व्हिनाईलच्या वर थर होऊन बसते, आणि आमचं निम्मं काम टेम्पोच्या पन्हळी पत्र्यावर, रिव्हेटवर, तिथं हीट गननं ताणलं की साध्या यूव्ही इंकच्या थराला बारीक चिरा पडतात. लेटेक्स मशीन एचपीनं २००८ मध्ये बाजारात आणलं, इंक पाण्यातली, वास जवळजवळ नाही, लगेच लॅमिनेट करता येतं, म्हणजे वर पारदर्शक फिल्म चढवता येते, पण ती इंक पक्की करायला हीटर लागतो आणि तेवढा लोड आमच्या कनेक्शनला झेपणारा नव्हता.

म्हणून इको सॉल्व्हंट घेतलं, म्हणजे सौम्य, कमी वासाच्या सॉल्व्हंटचं मशीन. याची इंक व्हिनाईलच्या वरच्या थरात मुरते त्यामुळं व्हिनाईल ताणलं की रंगही सोबत ताणतो, वाकड्यातिकड्या बॉडीला हेच पाहिजे. फक्त धीर धरावा लागतो. प्रिंट कोरडं दिसतं पण आत सॉल्व्हंट असतं, लगेच लॅमिनेट केलं तर व्हिनाईलचा गोंद मऊ पडतो आणि कडा उचलतात, म्हणून २४ तास रोल सैल सोडून ठेवतो.

लॅमिनेशनशिवाय गाडीचं काम आम्ही घेतच नाही. डिझेलच्या झाकणाखाली रोज थोडं डिझेल ओघळतं, क्लीनर फडक्यानं पुसतो आणि उघड्या प्रिंटचा रंग फडक्यावर येतो. झाकणाभोवती तर आम्ही प्रिंट थोडं आतच कापतो, म्हंजे कडेतून डिझेल शिरत नाही.

आणि भगवा! मंडळाच्या गाडीवर, देवस्थानच्या बोर्डावर भगवा फिकट पडलेला आम्हाला बघवत नाही. मशीन तो पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिसळून काढतं आणि उन्हात हे दोनच आधी उडतात, निळा-काळा मागं राहतो. त्यामुळं सपाट भगवा भाग आम्ही छापतच नाही, चांगल्या कंपनीचं भगवं व्हिनाईल प्लॉटरवर कापून लावतो, त्यात रंग फिल्ममध्येच असतो त्यामुळं जास्त टिकतो, आणि फोटो, लोगो तेवढे प्रिंट करून वर बसवतो. मेहनत वाढते, पण चालेल.

एमआयडीसीतल्या मशीनचे स्टिकर, दोन रंग आणि एकसारखे शेकड्यानं, ते अजून स्क्रीन प्रिंटिंगनंच करतो, जाड इंक बसते आणि नग वाढतील तसा रेट उतरतो. ॲक्रेलिकचं यूव्ही बाहेरून करून आणतो.

आता थ्री फेज कनेक्शन मिळालं की लेटेक्सचा परत विचार करणार आहे, कारण पावसाळ्यात हवेत ओल असली की इको सॉल्व्हंटचं प्रिंट वाळायला आणखी वेळ लागतो आणि गाडीवाल्याला एक दिवस गाडी उभी करणंसुद्धा जड जातं.