सतरा किलोमीटर आणि तेरावं स्तोत्र

स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतच्या कामिनो या ख्रिस्ती पायी वारीला निघाले होते. पिरेनीसचे डोंगर उतरून पँप्लोना झालं, बुर्गोस झालं. बुर्गोसच्या कॅथेड्रलमध्ये गर्दी फार, पाच मिनिटं टेकून बाहेर पडले. पुढे मेसेताचं पठार लागतं आणि कालचा दिवस कुठला, आजचा कुठला, ते कळेनासं होतं. गहू, आभाळ, पांढरी वाट, परत गहू. सांतियागो अजून चारशेच्या आसपास किलोमीटर.

कारियोन दे लोस कोंदेस ते काल्सादिया दे ला क्वेसा हे १७ किलोमीटर. मध्ये गाव नाही, सावली नावापुरती. जुना रोमन रस्ता, ताठ सरळ. वाट दाखवणारे पिवळे बाणसुद्धा इथं क्वचित. ओ सेब्रेरो गावचे फादर एलियास वालिन्या यांनी १९८४ साली ते रंगवायला घेतले. बाण पुढचं वळण दाखवतो, मुक्काम दाखवत नाही.

पाणी २ लिटर घ्यावंच लागतं, म्हणजे पाठीवर २ किलो वाढले. सॅक अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको, तीही पाण्यासकट. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. ‘लागलं तर असू दे’ म्हणून भरलेलं सगळं भर दुपारी खांद्यात रुततं.

बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात देव रानात लोकांना रोज मान्ना हे अन्न देतो, माणशी एक ओमर. हे मापही साधारण २ लिटरच. सकाळपर्यंत राखून ठेवला त्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी देवानं दुप्पट वेचायला सांगितलं आणि तो शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवशी, टिकला. म्हणजे साठवण वाईट नव्हे. उद्याच्या धास्तीनं, न सांगता उचललेलं तेवढं नासतं. माझ्या नोकरीचा करार संपत आला होता, पुढचं पत्र नव्हतं, आणि मी चालता चालता पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडत होते. प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ यात पाच वर्षं नाहीत.

चालताना रोझरीची जपमाळ म्हणत होते. तीत येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं, म्हणजे रहस्यांचं, मनन करतात. मंगळवार, म्हणून दुःखाची रहस्यं. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांना वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात दीड किलोमीटर सरतो. पहिलंच रहस्य गेथशेमाने, अटकेआधी येशूनं प्रार्थना केली ती बाग. दुःखाचा प्याला टळो ही विनवणी प्रभूनं तीनदा केली, शब्दही तेच. एवढ्यात मागून एक जथा फोनवर गाणी वाजवत आला. मणी चुकले. फार राग आला. त्यांतली एक जण थांबून म्हणाली, विश्वास ठेव, सगळं ठीक होईल. त्याचा तर त्याहून जास्त राग आला. ठीक होईल असं वचन प्रभूच्या प्याल्यालाही नव्हतं.

मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र घेतलं. ते चालत म्हणायला सोपं आहे. आधी तक्रार: ‘किती वेळ?’ असा प्रश्न चारदा येतो, तेव्हा आपणही एकच गोष्ट नाव घेऊन, मोठ्यानं सांगावी. मग एक मागणं, एकच. मग देवानं पूर्वी केलेलं एखादं भलं आठवावं. तक्रार गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारली की प्रार्थना पोकळ होते. ज्या दुःखाचं नावच घेतलं नाही ते देवाच्या हाती कसं द्यायचं?

साधारण अकराव्या किलोमीटरला टाच पेटली. सपाट वाटेवर पाऊल दर वेळी तसंच पडतं, घासतं ते एकाच जागी. घामानं कातडी मऊ झालेली असते, मग फोड यायला वेळ लागत नाही. दुखतंय म्हणून लेस सैल केली तर टाच आणखी सरकते.

एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं हातानंच बस म्हणून खुणावलं. त्याची भाषा मला येत नव्हती. बूट काढायला लावला, पाय दहा मिनिटं उघडा ठेवला. सुई स्पिरिटनं पुसून फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं पाडली, गॉझनं दाबून पाणी काढलं. वरची कातडी काढली नाही, तीच खालच्या जखमेचं झाकण. मग स्वतःचे कोरडे लोकरी मोजे दिले. बुटाच्या शेवटच्या दोन भोकांत लेसचा दोन्ही बाजूंना फासा करून, समोरचं टोक त्यातून ओढून, टाच मागे घट्ट बसवून दिली. मोजे परत करायला गेले तर मान हलवली आणि चालू लागला. त्या दिवसाचा माझा ओमर त्याच्या सॅकमधून आला होता.

सरकारी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, आगाऊ खाट मिळत नाही, जो पोचेल त्याला. वरची मिळाली, खाली घोरणारा. झोप येईना म्हणून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचं एक वाक्य नाही. पण आरंभी हाक आहे ती तारणाऱ्या देवालाच. त्या रात्री मला तेवढीच मारता आली.

पहाटे फोड परत भरला होता. कडेनं पुन्हा टोचला, मोजे चढवले, उन्हाच्या आत निघाले.