छप्पर नसलेलं चर्च

१२ जून, लिस्बन

पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडलेत आणि वही मांडीवर घेतलीय. भाचीने सकाळी कामावर जाताना बजावलं होतं, "मावशी, चढ आला की सरळ मागे फिर." या गावात तसं करायचं ठरवलं तर दाराबाहेर पाऊलच टाकायला नको. सात टेकड्यांचं शहर म्हणतात. माझ्या गुडघ्यांनी आज अकरा तरी मोजल्या.

चपला घालून निघाले ही पहिली चूक. इथले फूटपाथ मुठीत मावतील एवढ्या चुनखडीच्या तुकड्यांचे, मधेमधे काळ्या दगडाची नक्षी. दिसायला रांगोळी, पण पायांनी घासून घासून साबण फिरवल्यासारखे गुळगुळीत झालेले. रॉसियू चौकात तर काळ्या-पांढऱ्या लाटाच काढल्यात. खाली बघत चाललं की जमिनीवर बोट लागते. तिथेच घसरले. एका आजोबांच्या शर्टाची बाही हातात आली म्हणून वाचले. ते काहीतरी पोर्तुगीजमध्ये बोलले, मी मराठीत "माफ करा हां" म्हटलं, दोघांचं समाधान झालं.

चौकाला लागूनच साव दोमिंगुश चर्च आहे. १९५९ साली आतून जळालं. नंतर वर छप्पर घातलं, पण खांब तसेच ठेवले, तडकलेले, कपचे उडालेले. आत शिरल्यावर आधी वाटलं अजून काम चालू आहे. मग एका खांबाजवळ गेले. दगड आगीने भाजून गुलाबी झालाय आणि खापरासारखे त्याचे पापुद्रे सुटलेत. समोर एक बाई गुडघे टेकून माळ ओढत होती. ती रोज त्याच खांबाशेजारी बसत असेल, तिला त्याचं काय!

पुढचा बायशा भाग आखीव, सरळ रस्त्यांचा. १ नोव्हेंबर १७५५ ला सर्व संतांच्या सणाच्या सकाळी भूकंप झाला. चर्चेस भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. मग नदीतून समुद्र चढून आला, आणि आग कित्येक दिवस विझली नाही. नंतर राजाचा मंत्री पोंबाल याने हा भाग नव्याने आखला. भिंतींच्या पोटात लाकडी पिंजरे घातले, म्हणजे जमीन हलली तरी घर उभं राहील. नमुन्याचा पिंजरा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली म्हणतात. याच गल्ल्यांत किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान दिसलं. पाटीवर मोठी किल्ली रंगवलेली, खाली लिहिलंय 'शावश'. म्हणजे आपली चावीच की! 'च'चा 'श' यांनी मागाहून केला. आपण चारेकशे वर्षांपूर्वी घेतला तो उच्चार अजून जपून आहोत. दुकानदाराला हे सांगावंसं फार वाटलं, पण कुठल्या भाषेत सांगणार?

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट वर कार्मु चर्चकडे नेते. रांग बघितली आणि पायऱ्यांनीच गेले. भाचीला सांगणार नाही.

आणि कार्मु. काय लिहू? तिकीट काढून आत शिरले आणि थबकलेच. दोन्ही बाजूंना उंच खांब, वर नुसत्या कमानी, मोठ्या माशाच्या बरगड्यांसारख्या, आणि कमानींच्या मधून आभाळ. खाली हिरवळ. १३८९ मध्ये बांधायला घेतलेलं हे चर्च, भूकंपात त्याचं छत आलं खाली. पुन्हा बांधायला सुरुवात झाली होती, पण १८३४ मध्ये मठच बंद केले गेले आणि काम अर्ध्यावर राहिलं. पुढच्या लोकांना ते पडकंच आवडलं. आजूबाजूचे पर्यटक "वॉव" करत होते. मला मात्र वाटलं, आपण किल्ल्यात आलोय.

वसईच्या किल्ल्यात आमचं लहानपण गेलं. छप्पर असलेली चर्चेस गावात होती, तिथे नीट बसायचं, कुजबुजायचं नाही. किल्ल्यातली चर्चेस मात्र आमची होती. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीला थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. त्या चौकोनांवर आम्ही लंगडी खेळायचो. कोणाच्या नावावर पाय पडतोय हे कोणाला वाचता येत होतं? पावसाळ्यात आत कमरेएवढं गवत, भिंतीतून वडाची मुळं.

आज त्या हिरवळीवर उभी राहून हिशेब केला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यानंतर सोळाच वर्षांनी हे छप्पर पडलं. ज्यांनी आमच्याकडची चर्चेस बांधली त्यांचं लिस्बन इथे फारसं उरलेलंच नाही. नदीकाठचा राजवाडा गेला, आणि आपल्याकडच्या व्यापाराचा कारभार बघणारी कासा दा इंडिया दफ्तरासकट गेली. मी इथे त्यांचं मूळ घर बघायला आले होते. त्या काळातलं त्यांचं काही बघायचं तर मला वसईतच जास्त सापडेल.

मागच्या दालनात पेरू देशातून आणलेल्या दोन ममी आहेत. काय संबंध, कोण जाणे.

बाहेर चौकात जाकारांडाची जांभळी फुलं पडली होती. बाजूच्याच बराकीत २५ एप्रिल १९७४ ला, लष्कराने बंड केलं तेव्हा, पोर्तुगालचा हुकूमशहा पंतप्रधान काएतानू अडकून बसला आणि संध्याकाळी शरण आला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी लिस्बनने तो भारताचा मानला नव्हता. ही राजवट पडली, तेव्हा कुठे त्या डिसेंबरात करार झाला. आमच्या गोव्याच्या आत्याच्या घराचा निकाल म्हणजे या चौकात लागला तर! मी तिथल्या बाकावर बसून सफरचंद खाल्लं.

संध्याकाळी आल्फामा या जुन्या वस्तीत. आज सांतु आंतोनियू या संताच्या सणाची रात्र, त्यामुळे गल्लोगल्ली कागदी झालरी आणि दारादारांत सार्डिन भाजणं चाललेलं. म्हणजे आपली तारलीच. धूर थेट पाचूबंदरचा. एका आजीबाईंकडून मांजेरिकूची कुंडी घेतली. सब्जाच्या जातीचं, चेंडूसारखं गोल रोप, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. मी नाक खाली नेलं तशी तिने माझा हात धरला. नाक लावायचं नाही, झाड सुकतं. तळहात पानांवरून हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तुळशीला हात लावायच्या वेळेवरून आजी अशीच ओरडायची.

कुंडी खिडकीत ठेवलीय. भाची म्हणते विमानातून नेता येणार नाही, तूच सांभाळ म्हटलं.

फोन दुपारीच मेला होता, आत्ता चार्जिंगला लावला. सकाळी कार्मुचा फोटो भावाला वसईला पाठवला होता, काही न लिहिता. त्याचं उत्तर आलंय: "किल्ल्यात कधी आलीस? आणि गवत कोणी कापलं?"