दूधदाणीची नोंद: लिलावाच्या कॅटलॉगांतून जुनी चांदी शिकताना

सराफाकडे जुनी चांदी नेली की तो वजन सांगतो, कस सांगतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्याचं काम तेवढंच. मला मात्र काकूंनी दिलेल्या दूधदाणीबद्दल दुसरंच काही हवं होतं: ती कुठे घडली, कधी घडली, कोणाच्या हातची. काकूंना एवढंच ठाऊक होतं की त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत राजकोटला होते, तेव्हा ती घरात आली. पोटावर दाट वेलबुट्टी, पानांच्या आड एक हरीण, एक पक्षी, आणि कानाच्या जागी फणा काढलेला नाग.

या विषयावरची पुस्तकं महाग आहेत आणि सहजी मिळतही नाहीत. लिलावाचे कॅटलॉग मात्र कोणालाही वाचता येतात. क्रिस्टीज, सदबीज, बोनहॅम्स यांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांच्या कितीतरी नोंदी फोटो आणि विक्रीच्या किमतीसकट पडून आहेत. मी तिथूनच सुरुवात केली.

कॅटलॉगांत सगळ्यात जास्त जागा इंग्लिश चांदीला असते, म्हणून आधी तिचे ठसे शिकून घेतले. चालता सिंह म्हणजे ९२५ कस, हजारात ९२५ भाग चांदी. जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं डोकं असेल तर लंडन, मुकुट असेल तर शेफील्ड (तिथे १९७५ पासून मुकुट जाऊन गुलाब आला). एक अक्षर वर्षाचं. राजाचं किंवा राणीचं मुखचित्र असेल तर कर भरल्याची खूण, आणि ही खूण १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारत. चार-पाच ठशांत गाव, साल आणि कारागीर हातात येतो. फार सुंदर व्यवस्था आहे ती. हिंदुस्थानात घडलेल्या चांदीला मात्र ती लागू नाही. ब्रिटिश राजवटीत इथे चांदीचा कस तपासून ठसा मारणारी सरकारी कचेरीच नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीसारख्या पेढ्या आपल्या आद्याक्षरांशेजारी हत्ती वगैरे स्वतःच्या खुणा उमटवत. बाकी असंख्य भांड्यांवर काहीच नाही. अशा भांड्यांसाठी कॅटलॉगच कामी येतात, कारण ठसा असलेली आणि नसलेली अशी एकाच घडणीची भांडी तिथे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.

नोंद वाचायची एक रीत आहे. आधी वस्तू, मग कारागीर, मग गाव, मग काळ. त्याखाली उंची, वजन आणि स्थिती. कारागिराचं नाव नुसतं दिलं असेल तर लिलावगृह त्या नावाची जबाबदारी घेत असतं. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हटलं की तो अंदाज झाला, आणि ‘इन द मॅनर ऑफ’ म्हटलं की फक्त घडणीचा सारखेपणा. सनाआधी ‘सर्का’ असेल तर साल सुमाराचं. कॅटलॉग शेवटी विकणाऱ्याने लिहिलेला असतो, हे डोक्यात ठेवूनच वाचायचं. तरी मोठी लिलावगृहं या शब्दांच्या बाबतीत काटेकोर असतात, कारण नोंद खोटी ठरली तर वस्तू परत घ्यावी लागू शकते.

मग मी वही घातली. भारतीय चांदीची जी नोंद दिसेल ती उतरवायची आणि घडणीप्रमाणे वेगळी करायची. हळूहळू गावं ओळखू यायला लागली. ताडामाडांचं जंगल आणि त्यात प्राणी, म्हणजे लखनौ. बैलगाडी, झोपडी, विहीर असे खेड्यातले देखावे, म्हणजे कलकत्त्याचं भवानीपूर. देवदेवतांच्या उठावदार मूर्ती, म्हणजे मद्रासची ‘स्वामी’ घडण, तिथल्या पी. ऑर अँड सन्सचं नाव सारखं भेटतं. बारीक पानाफुलांची शालीसारखी नक्षी काश्मीरची. आणि जागा रिकामी न ठेवता वळत जाणारी दाट पानंवेल कच्छची. वाचता वाचता ‘पूना’ दिसलं आणि हीरप्पा बूचेना हे नाव भेटलं. पुण्याच्या कारागिराचं काम लंडनच्या लिलावात चढतं हे मला तोवर माहीतही नव्हतं, आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा नसावी याचं वाईटही वाटलं.

कच्छमध्ये एक नाव सगळ्यांच्या वर आहे: भुजचे उमरशी मावजी. त्यांच्या कामावर ‘ओ. एम.’ अशी रोमन अक्षरं असतात, काहींवर सोबत ‘भुज’ही असतं. त्यांची भांडी मी निवांतपणे, एकामागून एक पाहिली. पानाचं टोक कसं वळतं, प्राण्याचे डोळे आणि आयाळ किती बारकाईने कोरलीय, पान जिथे संपतं तिथली जमीन कशी टिंबांनी भरलीय, ते पाहत गेले. कॅटलॉगमधला समोरून काढलेला झगमगीत फोटो यासाठी फार उपयोगाचा नाही. बुडाचा आणि कानाच्या जोडाचा फोटो दिला असेल, तर शिकायला तोच खरा.

वजनं ट्रॉय औंसांत असतात, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. आपल्याला सोपं गणित असं की तीन औंस म्हणजे बरोब्बर आठ तोळे, कारण जुना तोळा १८० ग्रेनचा आणि औंस ४८० ग्रेनचा. माझी दूधदाणी १८७ ग्रॅम भरली. सहा औंस, सोळा तोळे. चहादाणीच्या नोंदीत बऱ्याचदा ‘ग्रॉस’ वजन, म्हणजे चांदीखेरीजचे भागही धरून केलेलं वजन, लिहिलेलं असतं. त्याचं कारण कानात बसवलेल्या हस्तिदंती चकत्या: उकळत्या चहाची धग हाताला लागू नये म्हणून त्या घालत. दूधदाणीला त्यांची गरज नसते. म्हणून माझ्या भांड्याचा कान सरळ डाग देऊन जोडलाय, यात वावगं काही नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते स्थितीच्या ओळींनी. ठसा झिजलेला, नक्षी मागाहून चढवलेली, मोनोग्राम घासून काढलेला, डाग देऊन केलेला जुना जोड. या ओळी वाचून झाल्यावर मी दूधदाणी खिडकीपाशी नेली. आत बोट फिरवलं तर बाहेरच्या प्रत्येक उठावाचा खोलगट उलटा आकार लागतो. म्हणजे पत्र्यावर ठोकून केलेलं काम, ओतीव नाही. पुढच्या बाजूला नक्षीत एक गुळगुळीत गोल सोडलाय, मालकाच्या आद्याक्षरांसाठी. त्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ उडताना खाली घासलेली अक्षरं असली तर क्षणभर पुसट उमटतात, आणि डाग दिलेला असेल तर तिथली वाफ वेगळी दिसते. गोलावर काही उमटलं नाही. नागाच्या शेपटीपाशी मात्र राखाडी कड दिसली. तिथे कधीतरी कान पुन्हा जोडलाय. दहापटीचं भिंग लावून बूड चारी बाजूंनी पाहिलं. अक्षर नाही, ठसा नाही.

किमतींबद्दल एवढंच की लिलावाआधीचा अंदाज आणि नंतरची किंमत थेट ताडून पाहू नये. अंदाजात लिलावगृहाचं कमिशन धरलेलं नसतं, जाहीर झालेल्या विक्री-किमतीत बहुतेक वेळा असतं. तेव्हा भाव दुप्पट चढला असं वाटतं, तिथे तो तेवढा चढलेला नसतो. उमरशी मावजींचा ठसा असलेल्या आणि नसलेल्या कामाच्या किमतीत मात्र खरोखर मोठं अंतर पडतं, आणि म्हणूनच बिनठशाच्या भांड्याला त्यांचं नाव चिकटवायचा मोह मी आवरला. पानांची वळणं जवळची आहेत, पण हरणाचा चेहरा त्यांच्या प्राण्यांइतका जिवंत नाही.

वहीत शेवटी माझ्या भांड्याची नोंद केली: ‘दूधदाणी, चांदी, कच्छ, सर्का १९००, ठसा नाही. नागाच्या आकाराचा कान, जुनी दुरुस्ती. १८७ ग्रॅम.’ काकूंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी त्याखाली राजकोटचं आणि वडिलांचं नावही लिहायला लावलं. मालकीचा इतिहास कॅटलॉगात लिहितातच, त्यामुळे ते योग्यच होतं. परदेशातल्या चुलतभावाने दूधदाणी तिकडे पाठव म्हटलं, त्याला नाही म्हणून कळवलं: शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ही तेवढी जुनी असण्याची दाट शक्यता आहे. सध्या वहीचं दुसरं पान उघडलंय, पूनाचं, आणि त्यावर हीरप्पा बूचेनांच्या नोंदी उतरवते आहे.