नवतपात सहा पीसी अपग्रेड केले

नंदनवन भागातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी सहा जुने पीसी आहेत. सगळ्यांवर उबुंटू 20.04 होतं. उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम. इतकं निमूट चालायचं की 2022 साली 22.04 आलं तेव्हा मी हातच लावला नाही. पण 20.04चा सपोर्ट 2025च्या मे अखेर संपणार होता. मुलं याच पीसीवर आधार नंबर टाकतात, परीक्षेची फी भरतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेली सिस्टीम त्यांच्यापुढे ठेवणं मला पटेना.

उबुंटूचं एक बरं आहे, नंबरातच तारीख असते. 24.04 म्हणजे 2024चा एप्रिल. दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते, पण पाच वर्षांचा सपोर्ट फक्त दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएसला, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला. मधल्यांना नऊच महिने. त्यातही जुन्या एलटीएसवाल्यांना नव्या एलटीएसची सूचना पहिली पॉइंट रिलीज, म्हणजे पहिली दुरुस्त आवृत्ती, आल्यावरच दिसते. 24.04 एप्रिलात आलं, 24.04.1 ऑगस्टच्या शेवटी. ही सबुरी मला फार आवडते.

मात्र मधली एलटीएस गाळता येत नाही. आधी 22.04, मग 24.04. म्हणजे सहा पीसींचे बारा अपग्रेड, तेही ऐन नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांत, रात्री मुलं गेल्यावर कूलरसमोर बसून.

आधी सगळ्यांचे फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतले. पहिल्याच पीसीनं अडवलं: बूट पार्टिशनमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या फाइलींच्या डिस्कवरच्या भागात, जागा नाही. जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) साचले होते, नको ती पॅकेजेस काढणाऱ्या ऑटोरिमूव्ह कमांडनं निघाले. पुढे मध्येच प्रश्न येतो, अमुक कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी घेऊ की तुमचीच ठेवू? तिथं घाईनं एंटर दाबू नका, फरक दाखवायचा पर्याय असतो, तो बघा. प्रिंटरच्या फाइलला मी आमचीच ठेवली, बाकी नव्या घेतल्या.

तिसऱ्या पीसीला पॅकेजेस बसत असताना लाईट गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी, पाच मिनिटांत तीही बसली. लाईट आल्यावर पीसी चालू केला तर काळा पडदा, कोपऱ्यात कर्सर लुकलुकतोय. पोटात गोळा आला. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन रूट शेल (सर्वाधिकारी कमांड लाइन) घेतला आणि डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामला, अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजेस कॉन्फिगर करायला सांगितलं. एकेक ओळ सरकू लागली. एकही लाल ओळ न येता शेवटपर्यंत गेली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. दुसऱ्याच दिवशी यूपीएसची बॅटरी बदलली.

अपग्रेड करताना बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे इतरांचे प्रोग्राम जिथून येतात ते साठे, आपोआप बंद होतात, हे ध्यानात असू द्या. आमच्या एका प्रोग्रामची होती, ती शेवटी हातानं चालू केली. फायरफॉक्स ब्राउझर आता स्नॅप या वेगळ्या पॅकेज प्रकारातून येतं. जुन्या पीसीवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं, ते मला अजून खुपतं.

मुलांना आवडलं ते स्क्रीनशॉटचं. प्रिंट स्क्रीन दाबलं की हवा तेवढाच चौकोन निवडता येतो, रेकॉर्डिंगही तिथूनच. एक मुलगी फी भरल्याची पावती तशी कापून घेत म्हणाली, "दादा, हे तर लय सोपं झालं."

प्रत्येक सीपीयूवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: 24.04, सपोर्ट 2029पर्यंत. खाली लहान अक्षरात, आधी यूपीएस तपासणे.